धनकोंच्या यादीत कवाय लेनर्ड

सहावा_गडी | १४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

कंपनी बुडाली की दिवाळखोरीच्या कोर्टात एक यादी दाखल होते : कुणाचे किती पैसे अडकले. माझं पोट अशाच याद्यांवर चालतं (दक्षिण कॅलिफोर्नियात हिशेब तपासतो), म्हणून अधिकाराने सांगतो, याहून नीरस वाचन जगात नाही. लग्नातली आहेराची वही परवडली, तिच्यात निदान कुणी किती हात आखडला ते तरी कळतं.

यंदा मार्चमध्ये ॲस्पिरेशन नावाची कंपनी अशी कोर्टात गेली. आमचं कार्ड वापरा, आम्ही झाडं लावू, असा त्यांचा धंदा. लिओनार्डो डिकॅप्रियो, रॉबर्ट डाउनी ज्युनियर वगैरे मंडळींचा हात पाठीशी. धनकोंच्या यादीत लॉस एंजेलिस क्लिपर्स हा एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग) संघ होता. त्यात नवल नाही, ॲस्पिरेशन त्यांची प्रायोजक होती. नवल पुढे आहे. त्याच यादीत 'केएल२ अस्पायर' नावाची एक एलएलसी (छोटी खाजगी कंपनी) होती, येणं ७० लाख डॉलर. केएल म्हणजे कवाय लेनर्ड, क्लिपर्सचा सर्वांत मोठा खेळाडू. २ हा त्याच्या जर्सीवरचा आकडा.

यादी सगळ्यांसाठी खुली होती. मीही ती चाळली असती तर पुढे गेलो असतो. पाब्लो टोरे नावाचा पत्रकार थांबला. हा आधी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडला होता, मग ईएसपीएनला, आता स्वतःचा पॉडकास्ट चालवतो. त्याला पडलेला प्रश्न साधा होता : झाडं लावणाऱ्या कंपनीने या माणसाचे पैसे का द्यायचे? लेनर्डने त्यांची जाहिरात केलेली कुणाला आठवते का? कुणालाच नाही. टोरेने ३,००० हून जास्त पानं वाचली, कंपनीच्या सात माजी नोकरदारांशी बोलला आणि ३ सप्टेंबरला पहिला भाग टाकला.

मिळालं ते असं. एप्रिल २०२२ मध्ये लेनर्डच्या एलएलसीने ॲस्पिरेशनशी चार वर्षांचा, २.८ कोटी डॉलरचा करार केला. जे काम पसंत नसेल त्याला तो नाही म्हणू शकत होता. आणि तो क्लिपर्समधून गेला तर करार संपणार होता. जाहिरात, पोस्ट, फोटो, टोरेला एकही सापडलं नाही. हा व्यवहार पगारमर्यादा (संघाने खेळाडूंना किती द्यायचं याची लीगने आखलेली रेघ) चुकवण्यासाठी आहे असं आम्हाला आत सांगितलं गेलं होतं, असं एका माजी नोकरदाराने नाव न सांगता सांगितलं. दोनच दिवसांत बोस्टनच्या एका पत्रकाराने आणखी २ कोटी डॉलरच्या शेअर्सची बातमी दिली.

आता मागचा धागा. ऑगस्ट २०२१ मध्ये लेनर्डने क्लिपर्सशी चार वर्षांचा १७.६ कोटी डॉलरचा करार केला. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लिपर्सचे मालक स्टीव्ह बाल्मर (हो, मायक्रोसॉफ्टवाले) यांनी ॲस्पिरेशनमध्ये ५ कोटी डॉलर घातले, आणि त्याच महिन्यात ॲस्पिरेशनने क्लिपर्सशी ३० कोटींहून मोठा प्रायोजकत्वाचा करार जाहीर केला. म्हणजे मालकाचे पैसे कंपनीत, कंपनीचे पैसे खेळाडूकडे. मी ऑफिसात असतो तर या दोन ओळींना पिवळ्या मार्करने गोल केला असता. बस, एवढंच. गोल म्हणजे गुन्हा नव्हे.

बाल्मर आणि क्लिपर्स सगळं नाकारतात. लीगने चौकशी लावली आहे. तुमचं काय मत?

चकली | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. :) अडाणी प्रश्न आहे. मालकाकडे पैसे आहेत, खेळाडूला द्यायचे आहेत, खेळाडूला घ्यायचे आहेत. यात कुणाच्या पोटात का दुखावं?

सहावा_गडी | १४ सप्टेंबर, रात्री ११:१५

@चकली, अडाणी अजिबात नाही, सगळं त्याच प्रश्नावर उभं आहे.

आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स असते ना, २०२५ च्या हंगामासाठी १२० कोटींची होती. समजा एखाद्या मालकाने पर्समधून खेळाडूला १८ कोटी दिले आणि मेव्हण्याच्या सिमेंट कंपनीकडून, काहीही काम न घेता, आणखी १० दिले. मग पर्सला अर्थ काय उरला? ज्याचे मेव्हणे जास्त, त्याचा संघ भारी.

एनबीएची मर्यादा २०२१-२२ ला ११.२४ कोटी डॉलर होती. ती लवचीक आहे. आपला जुना खेळाडू राखायचा असेल तर ती ओलांडता येते, त्यावर कर भरावा लागतो. पण एका खेळाडूचा वैयक्तिक कमाल पगार मात्र पक्का. दहा वर्षं खेळलेल्याला मर्यादेच्या ३५ टक्के, त्या वर्षी सुमारे ३.९३ कोटी. लेनर्डला तेवढेच मिळत होते. म्हणजे कायदेशीर मार्गाने त्याच्या ताटात संघाला आणखी एक घासही वाढता येत नव्हता. दुसरा संघही जवळपास तेवढंच देऊ शकला असता. मग खेळाडू तुमच्याकडे का राहील? हवामान, घर जवळ, मित्र. नाहीतर टेबलाखालून काहीतरी.

पूर्वी हे घडून गेलं आहे. मिनेसोटा टिंबरवुल्व्ज संघाने जो स्मिथ नावाच्या खेळाडूशी छुपा लेखी करार केला होता : आत्ता काही वर्षं थोडक्यात भागव, नंतर मोठं घबाड देऊ. दोन एजंट आपसांत भांडून कोर्टात गेले आणि तो कागद बाहेर आला. २००० साली लीगने ३५ लाख डॉलर दंड केला, नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतल्या पाच पाळ्या काढून घेतल्या (नंतर काही परत दिल्या) आणि स्मिथचा करार रद्द केला. असलं लिहून ठेवणं हाच मूर्खपणा. तेव्हापासून कुणी लिहीत नसावं.

टेनफोर | १५ सप्टेंबर, सकाळी ८:०३

सकाळी सकाळी क्लिपर्सची लक्तरं, दिवस चांगला जाणार.

लेकर्स (शहरातला दुसरा संघ) समर्थक.

पॅसिफिक_कोकणी | १५ सप्टेंबर, सकाळी ११:२६

मी क्लिपर्सची सीझन तिकिटं घेते, त्यामुळे माझा प्रतिसाद पक्षपाती समजावा. पण एक बाजू कुणीच मांडत नाहीये.

ॲस्पिरेशनचा सहसंस्थापक जो सॅनबर्ग याने २४.८ कोटी डॉलरच्या फसवणुकीचा गुन्हा कबूल करायचं ऑगस्टमध्ये मान्य केलं आहे. फसलेल्यांमध्ये बाल्मरही आहेत. त्यांचे ५ कोटी गेले, संघाचं येणं बुडालं. ईएसपीएनच्या मुलाखतीत ते म्हणाले की लेनर्डची आणि कंपनीची ओळख नोव्हेंबर २०२१ मध्ये करून दिली, तोवर दोन्ही करार होऊन गेले होते. अशी ओळख करून देणं नियमात बसतं. पुढे त्या दोघांनी काय ठरवलं ते आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

मला ते पटतं. क्लिपर्स २०१४ मध्ये २०० कोटी डॉलरला घेतलेला माणूस आहे हा. इंगलवूडच्या नव्या इंट्युइट डोमवर तेवढेच पुन्हा खर्च केले, तिथे स्वच्छतागृहांची संख्या स्वतः मोजत बसला. असा माणूस २.८ कोटी पोचवायला चोर कंपनी निवडेल? शिवाय टोरेचा पॉडकास्ट ऐकलात का? कागद दाखवण्याआधी दोन मिनिटं उसासे. भाग कुठे संपतो, पुढच्यासाठी काय राखून ठेवलं जातं, सगळं मालिकेसारखं. यात शोध किती आणि खेळ किती?

सहावा_गडी | १५ सप्टेंबर, दुपारी ४:५०

@पॅसिफिक_कोकणी, उसाशांबद्दल एकदम मान्य. मी दीडपट वेगाने ऐकतो.

फसवणुकीचा मुद्दाही खरा आहे. पण फसवला गेलेला माणूस दुसऱ्या बाबतीत निर्दोषच असतो असं नाही. आणि टोरेचा पुढचा भाग बघा. डेनिस वाँग हे क्लिपर्सचे छोटे भागीदार, बाल्मरचे कॉलेजातले रूममेट. डिसेंबर २०२२ मध्ये ॲस्पिरेशनकडे रोकड नव्हती, माणसं काढत होते, लेनर्डचा हप्ता थकला होता. वाँगनी १९.९ लाख डॉलर कंपनीत घातले. नऊ दिवसांनी लेनर्डच्या एलएलसीला १७.५ लाख गेले.

गुंतवणूक म्हणून विचार करून बघा. नोकरदारांना काढणाऱ्या कंपनीत कुणी पैसे का घालेल? आणि पगाराला पैसे नसताना, कधीही काम न केलेल्या सेलिब्रिटीला आधी का देईल? कदाचित उत्तर असेलही. मी हिशेब तपासतो तेव्हा असे नऊ दिवस दिसले की फोन उचलतो.

पॅसिफिक_कोकणी | १५ सप्टेंबर, सायं ६:३१

नऊ दिवसांचं मलाही जड जातंय. बाकीचं मागे घेत नाही.

ॲडव्होकेट_खवचट | १६ सप्टेंबर, रात्री ९:०८

वकिली नजरेतून दोन मुद्दे. दुसरा लांबला आहे, आधीच क्षमा मागतो.

पहिला : पुराव्याचा. लीग आणि खेळाडू संघटना यांच्या सामूहिक करारात पगारमर्यादा चुकवण्यावर स्वतंत्र कलम आहे. त्यात प्रत्यक्ष पुरावाच हवा असं नाही, परिस्थितीजन्य पुरावा चालतो. एखादा व्यवहार नियमभंग गृहीत धरल्याशिवाय तर्काला पटत नसेल, तर तेवढ्यावरही ठपका ठेवता येतो. हे वाचलं आणि 'जे काम पसंत नसेल त्याला नाही म्हणण्याचा अधिकार' आठवला. लीगचे प्रमुख, कमिशनर ॲडम सिल्व्हर मात्र १० सप्टेंबरला म्हणाले की सिद्ध करायची जबाबदारी लीगची आहे, नुसत्या दिसण्यावरून कारवाई करायला आपण कचरू. कलम म्हणतं तर्क पुरे, कमिशनर म्हणतात दिसणं पुरेसं नाही. या दोन वाक्यांमध्ये एक बैलगाडी सहज वळेल.

दुसरा : चौकशी करणार कोण? वॉचटेल, लिप्टन, रोझेन अँड कॅट्झ ही न्यूयॉर्कची फर्म. नाव ओळखीचं वाटलं म्हणून शोधलं.

२०१४ मध्ये क्लिपर्सचे तेव्हाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांचं वर्णद्वेषी बोलणं टीएमझी या संकेतस्थळाने बाहेर काढलं, ते ध्वनिमुद्रण खरं का ते तपासणारी फर्म : वॉचटेल. (बाल्मरना संघ मिळाला तो यामुळेच. स्टर्लिंगवर आजन्म बंदी आली.) नोव्हेंबर २०२१ मध्ये ईएसपीएनच्या बॅक्स्टर होम्सने ७० हून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून फीनिक्स सन्सचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्याबद्दल लिहिलं, त्याची चौकशी : वॉचटेल. २००७ च्या पंच घोटाळ्यावरचा २००८ चा अहवाल लॉरेन्स पेडोविट्झ यांचा, तेही वॉचटेलचेच.

फर्म नामांकित आहे, शंका घेत नाही. पण सार्व्हरचा अहवाल घ्या. ३२० जणांच्या मुलाखती, ८०,००० हून जास्त दस्तऐवज. निष्कर्ष काय, तर मालकाने कृष्णवर्णीयांसाठीचा तो घाणेरडा शब्द निदान पाच वेळा उच्चारला, महिला कर्मचाऱ्यांशी अभद्र वागला, पण यामागे वंशद्वेष किंवा स्त्रीद्वेष होता असा निष्कर्ष काढता येत नाही. शिक्षा : एक वर्ष निलंबन, १ कोटी डॉलर दंड. लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस पॉल हे बडे खेळाडू जाहीरपणे बोलले, एका बड्या प्रायोजकाने हा माणूस राहिला तर आम्ही नाही म्हटलं, तेव्हा कुठे सार्व्हरने संघ विकायला काढला. विकला ४०० कोटी डॉलरच्या मूल्यांकनावर! अशी शिक्षा मलाही चालेल.

कमिशनरला नेमतात कोण? तीस मालक. फर्मला फी देतं कोण? लीग, म्हणजे तेच तीस मालक.

आपल्याकडे २०१३ ला काय झालं आठवा. आयपीएल स्पॉट-फिक्सिंगनंतर बीसीसीआयने दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली, तिने क्लीन चिट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरवली. मग सर्वोच्च न्यायालय, मुद्गल समिती, लोढा समिती, आणि २०१५ मध्ये चेन्नई व राजस्थान दोन वर्षं बाहेर. आपल्याकडे बाहेरचं कोर्ट मध्ये पडलं. एनबीएच्या घरात बाहेरचा म्हणून जो येतो तो एकतर एफबीआय, नाहीतर टोरेसारखा यादी वाचणारा माणूस.

चकली | १६ सप्टेंबर, रात्री ९:४४

बैलगाडीवाल्या वाक्याला +१. बाकी उद्या चहा घेऊन वाचते.

नागपाडा_पोस्ट | १८ सप्टेंबर, दुपारी १:२०

मंडळी, मी मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर वाढलो. उन्हात तापलेल्या सिमेंटवर गुडघे फुटलेले आहेत, दोन्ही. वय ६३. थोडं लिहू द्या.

वकीलसाहेबांनी पंच घोटाळ्याचं नाव काढलं म्हणून. टिम डॉनही. तेरा हंगाम एनबीएत शिट्टी वाजवली. शाळेतले दोन मित्र, एक सट्टेबाज, एक निरोप्या. हा सांगायचा कुठला संघ धरा, ते पैसे लावायचे. आधी बरोबर आलेल्या प्रत्येक सामन्याला २,००० डॉलर, पुढे ५,०००. एफबीआय न्यूयॉर्कच्या गँबिनो टोळीच्या मागावर होतं, त्यात याचं नाव निघालं. जुलै २००७ मध्ये न्यूयॉर्क पोस्टने छापलं. तोवर लीगला पत्ता नाही. तेव्हाचे कमिशनर डेव्हिड स्टर्न पत्रकारांसमोर आले, म्हणाले एक नासका माणूस, बाकी सगळं ठीक. डॉनहीने गुन्हा कबूल केला, १५ महिन्यांची शिक्षा झाली.

आता पंच म्हणून माझी शंका ऐका. मी जिल्हा पातळीवर बरीच वर्षं शिट्टी वाजवली आहे. पेडोविट्झ अहवाल म्हणाला, याने मुद्दाम चुकीचे फाउल दिल्याचा पुरावा नाही, फक्त आतली माहिती विकली. मी हसलो होतो. अहो, ज्याच्यावर पैसे लावलेत त्या सामन्यात शिट्टी तटस्थ राहते? बास्केटबॉलमध्ये पंचाला खोटं बोलावंच लागत नाही. रिंगणाखाली प्रत्येक वेळी कुणीतरी कुणाला तरी ढकलत असतं. सगळेच फाउल खरे असतात. कुठला बघायचा आणि कुठला सोडायचा एवढंच पंचाच्या हातात. तिसऱ्या मिनिटाला मुख्य सेंटरला दोन फाउल द्या, तो बाकावर बसतो, झालं काम. व्हिडिओ लावलात तरी दोन्ही शिट्ट्या बरोबरच दिसतील. म्हणून व्हिडिओ बघून काही सापडणार नव्हतं.

२०१९ ला ईएसपीएनच्या स्कॉट ईडनने ते दुसऱ्या बाजूने धरलं. पैसे बाजारात कुठे झुकले आणि याची शिट्टी कुठे झुकली, ते शेजारी शेजारी ठेवलं. झुकाव जुळत होता. सामने झाल्यावर बारा वर्षांनी. डॉनही अजूनही म्हणतो मी सामना फिरवला नाही.

आणखी एक, जुनी जखम आहे. मी सॅक्रामेंटो किंग्जचा. ३१ मे २००२, लेकर्सविरुद्धच्या मालिकेतला सहावा सामना, किंग्ज मालिकेत ३-२ ने पुढे. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो. सत्तावीस! बारा मिनिटांत! त्या सामन्यात डॉनही नव्हता, पण २००८ मध्ये त्यानेच कोर्टात इशारा केला की ती मालिका लांबवायची होती. लीगने साफ नाकारलं. शिक्षा झालेला माणूस काहीही बोलेल, हे मीही समजतो. पण २७ हा आकडा स्कोअरशीटवर आहे, तो कुणाच्या इशाऱ्यावर अवलंबून नाही.

पुढे २०१३ ला आपले मुंबईचे विवेक रणदिवे किंग्जचे मालक झाले. ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये संघ घेऊन आले, मी तिकीट काढून गेलो. इंडियाना पेसर्सने दोन्ही सामने हरवले. असो.

टेनफोर | १८ सप्टेंबर, दुपारी २:०२

काका, २७ पैकी बरेचसे आमच्या सेंटरला, शॅकिल ओनीलला, धरून ठेवल्याचे होते. त्याला धरलं नसतं तर दोन गुण, धरलं तर फाउल. किंग्जकडे उपायच नव्हता.

नागपाडा_पोस्ट | १८ सप्टेंबर, दुपारी २:१०

बाळा, तो एक हात घालून चार जणांना ढकलायचा ते कुणी मोजलं?

बेंचवरचा | २१ सप्टेंबर, रात्री ११:५६

उशिरा आलो. मी एका मराठी दैनिकात क्रीडा पानावर होतो, आता नाही. पत्रकारितेच्या बाजूने लिहितो, कारण सगळे कागदांबद्दल बोलताहेत आणि कागद कोण वाचतं याबद्दल कुणी बोलत नाही.

एनबीएत दोन जातीचे पत्रकार आहेत. एक, मिनिटामिनिटाला 'अमुक खेळाडू तमुक संघात' सांगणारे. लाखो लोक त्यांना फॉलो करतात. ही बातमी तासाभराने संघ स्वतःच जाहीर करणार असतो, ती आधी कळण्यासाठी एजंट आणि व्यवस्थापकांशी गोड राहावं लागतं. दुसरे संघाबरोबर फिरणारे, रोज ड्रेसिंग रूममध्ये जाणारे. त्यांनी एक वाकडी ओळ लिहिली की उद्यापासून प्रशिक्षक त्यांच्या प्रश्नाला 'पुढचा' म्हणणार. दोघांनाही ॲस्पिरेशनची यादी दिसली असती तरी परवडली नसती. टोरेला दुसऱ्या दिवशी लेनर्डची मुलाखत घ्यायचीच नव्हती. तिथे त्याचं फावलं.

मी स्वतः असा होतो. एका स्थानिक संघटनेच्या निवड चाचणीत गडबड होती, मला ठाऊक होतं. हॉटेल, प्रवास, पास, सगळं त्यांच्याकडून मिळायचं. बातमी चार ओळींची केली. नाव सांगत नाही, धाडसापोटी नाही, लाजेपोटी.

शिवाय मोठ्या वाहिन्यांचा लीगशी पैशाचा संबंध आहे. यंदाच्या हंगामापासून डिस्ने (ईएसपीएन त्यांचीच), एनबीसी आणि ॲमेझॉन यांचा अकरा वर्षांचा प्रसारण करार सुरू होतोय, रक्कम ७,५०० कोटी डॉलरच्या वर. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. सार्व्हरची बातमी होम्सने दिली ती ईएसपीएनमधूनच, ईडननेही तिथूनच. घर भाड्याचं असलं तरी कधीकधी खिडकी उघडता येते.

अवांतर : या सगळ्यात बाल्मरच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलले मार्क क्युबन, डॅलस मॅव्हरिक्सचे आधीचे मुख्य मालक. टोरेच्याच कार्यक्रमात येऊन भांडून गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने डॅलसच्या कार्यालयातल्या महिलांच्या छळाची बातमी केली, तेव्हा मालक हेच. चौकशीनंतर महिला संस्थांना १ कोटी डॉलर दिले, कारण लीगच्या नियमातला कमाल दंड त्याच्या पाव भागच होता. तेव्हाही म्हणाले होते, मला ठाऊक नव्हतं. असेलही. मालकांना फार गोष्टी ठाऊक नसतात, ही माझी सर्वसाधारण निरीक्षणाची नोंद.

ॲडव्होकेट_खवचट | २२ सप्टेंबर, सकाळी ७:३०

@बेंचवरचा, चार ओळींचं लिहिलंत हे आवडलं. मी वकील असून असलं काही कबूल करणार नाही.

सहावा_गडी | ३० सप्टेंबर, रात्री ८:१५

ताजं. काल क्लिपर्सचा मीडिया डे होता (हंगामाआधी खेळाडू पत्रकारांना भेटतात तो दिवस). लेनर्ड बोलला. मी असल्या षड्यंत्रांना आणि क्लिकच्या मागे लागणाऱ्यांना उत्तर देत बसत नाही, कोणी काही चुकीचं केलेलं नाही, असा सूर. पूर्ण पैसे मिळाले नाहीत हेही म्हणाला. अर्थात, म्हणून तर यादीत आहे!

चकली | ३० सप्टेंबर, रात्री ८:२९

यादीत नाव घातलं नसतं तर? ७० लाख सोडून दिले असते तर कुणाला कळलं असतं का?

सहावा_गडी | ३० सप्टेंबर, रात्री ८:४१

@चकली, ओ की ठो कळत नाही म्हणालात ना? दोन आठवड्यांत नेमकं बोट ठेवलंत. यादी कंपनी देते, धनको नाही. कंपनीच्या वह्यांत देणं होतं म्हणून ते आलं. लेनर्डने दावा सोडला असता तरी आधीच्या वह्या होत्याच. पण माझ्यासारखा वाचक शंभरावी एलएलसी बघून पान उलटतो, हे खरं.

टेनफोर | २४ ऑक्टोबर, सकाळी ७:१२

बाप रे. बातम्या बघितल्या का? काल एफबीआयने तिसाहून जास्त लोकांना पकडलं. मायामीचा खेळाडू टेरी रोझियर, पोर्टलंडचा मुख्य प्रशिक्षक चॉन्सी बिलप्स! हंगाम सुरू होऊन दोन दिवस झालेत.

ॲडव्होकेट_खवचट | २४ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

दोन वेगळी प्रकरणं आहेत, गल्लत नको. एक सट्ट्याचं : रोझियर २०२३ मध्ये शार्लटकडून खेळताना एका सामन्यातून लवकर बाहेर पडला आणि हे सट्टेवाल्यांना आधी माहीत होतं, असा आरोप. दुसरं पोकरचं : माफियाशी जोडलेले जुगाराचे अड्डे, पत्ते वाचणारी पिसण्याची यंत्रं, क्ष-किरणांची टेबलं. बिलप्स त्यात. दोघेही आरोप नाकारतात, सिद्ध काहीही नाही.

पण एक ओळ वाचून चहा सांडला. रोझियरच्या त्या सामन्यावरच्या संशयास्पद पैजांची लीगने तेव्हाच चौकशी केली होती. काही सापडलं नव्हतं. एफबीआय त्याच्या मागे आहे ही बातमी यंदा जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने दिली.

लीगकडे झडतीचं वॉरंट नसतं, कुणाचा फोन जप्त करता येत नाही, हे खरं. टोरेकडेही नव्हतं.

नागपाडा_पोस्ट | २४ ऑक्टोबर, दुपारी १२:५५

याआधी टोरोंटोचा जॉन्टे पोर्टर. मार्च २०२४, आमच्या किंग्जविरुद्धच. तीन मिनिटं खेळला, आजारी आहे म्हणून बसला. कुणीतरी ८०,००० डॉलर लावले होते की तो कमी खेळेल, जिंकले असते तर ११ लाख. सट्टा कंपनीनेच पैसे अडवले. आजन्म बंदी.

पूर्वी सामना हरायला अख्खा संघ फोडावा लागायचा. आता बाकावरचा मुलगा पोटात दुखतंय म्हणाला की पुरे.

पॅसिफिक_कोकणी | २५ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

यापुढे लेनर्डचा गुडघा दुखला तरी लोक पैज शोधणार. आणि त्याचा गुडघा तर दर मंगळवारी दुखतो. :(

नागपाडा_पोस्ट | २ नोव्हेंबर, सायं ५:३०

दिवाळी आटोपली, एक सांगायचं राहून गेलं होतं. वर चकलीताईंनी विचारलं होतं, मालक देतो, खेळाडू घेतो, कुणाच्या पोटात का दुखावं. सहा आठवडे डोक्यात आहे.

मला १९८४ मध्ये खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली. कचेरीचं नाव घेत नाही. पद कारकुनाचं. सकाळी मस्टरवर सही, मग ग्राउंड. टेबल होतं, त्यावर दुसऱ्याच्या फायली असायच्या. बढती सामने जिंकल्यावर. पहिली अकरा वर्षं मी एकही पत्र टाइप केलं नाही. संघाकडून खेळायचं सोडलं असतं तर नोकरी तशीच राहिली असती का, हे विचारायची कधी वेळ आली नाही, आम्ही विचारलंही नाही. घर त्याच्यावर उभं राहिलं, मुली शिकल्या. माझ्याबरोबरचे निम्मे असेच. याला आम्ही कधी घोटाळा म्हटलं नाही, नशीब म्हटलं.

लेनर्डचं वाचताना म्हणूनच जीभ अडखळते. फरक आहे, समजतो. आमच्याकडे पगारमर्यादा नव्हती, फसवलं जाणारा दुसरा संघ नव्हता, त्यांच्याकडेही असेच कारकून होते. आणि हे उघड होतं, सगळ्यांना ठाऊक. तरी 'काम न करता पैसे' हे शब्द टोरे उच्चारतो तेव्हा मी आवाज कमी करतो, हिला ऐकू जाऊ नये म्हणून.

सहावा_गडी | २ नोव्हेंबर, रात्री ९:१८

काका, फरक तुम्हीच सांगितलात : उघड होतं. लेनर्डच्या कराराची घोषणाच झाली नाही. २.८ कोटींचा चेहरा विकत घेणारी कंपनी तो चेहरा लपवून ठेवते, मला तिथे खटकलं. तुम्ही निदान मस्टरवर सही करत होता.

चकली | २ नोव्हेंबर, रात्री ९:३५

काका, ते मस्टर अजून असेल का हो कुठे? सहाव्या गडींना वाचायला द्या, त्यांना याद्या आवडतात. :)

नागपाडा_पोस्ट | २ नोव्हेंबर, रात्री १०:०२

कचेरी हलली तेव्हा सगळं रद्दीत गेलं. पाच रुपये किलोने. आमच्याच संघात गार्ड खेळणाऱ्याने टेम्पो लावला होता.